व्याख्यानांनी कर्जत लोकल पकडावी

मुंबईत बेटांवर व्याख्यानं होतात. घारापुरीच्या लेण्यांवर होतात, साष्टीत सापडलेल्या दगडी हत्यारांवर होतात, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांत घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांवर होतात. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर तर हिवाळा लागला की हमखास होतात. बोलणारी माणसं अभ्यास करून आलेली असतात, पडद्यावरची चित्रं सुरेख असतात, बहुतेक ठिकाणी तिकीटही नसतं.

तक्रार दर्जाची नाही. पत्त्याची आहे.

फोर्ट, कलिना, चुनाभट्टी, विलेपार्ले. फार तर ठाणे. त्याच्या पुढे मध्य रेल्वेची गाडी येते, व्याख्यान येत नाही. सहाला सुरू झालेलं व्याख्यान आठला संपतं. तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायचं आणि दोन तास कर्जत लोकलमध्ये काढायचे. कर्जत स्टेशनाबाहेर त्या वेळी कशेळ्याला किंवा कळंबला जायला वाहन मिळेल याची खात्री नाही. खोपोलीच्या गाड्या तर आधीच मोजक्या. अशा व्याख्यानाला कर्जत-खालापूरच्या शिक्षकाने, शेतकऱ्याने, बारावीतल्या मुलीने यायचं कसं? म्हणून ते येत नाहीत. आणि मग आयोजक म्हणतात की ग्रामीण भागात विज्ञानाची आवड नाही.

आवड आहे. गाडी नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. किनाऱ्यावरच्या बेटांचे प्राणी, तिथलं हवामान आणि तिथली पहिली माणसं हा विषय जितका कुलाब्याचा आहे तितकाच कर्जतचा आणि खालापूरचा आहे. तो इथे येऊन, इथल्या वेळेला, इथल्या माणसांना पुढे बसवून सांगितला पाहिजे. मेहरबानी म्हणून नव्हे. हा विषय इथूनच सुरू होतो म्हणून.

कसा, ते नकाशावर बघा. उल्हास नदी लोणावळा-राजमाचीच्या खोऱ्यातून उतरते, कोंढाण्याच्या लेण्यांखालून कर्जतला येते, नेरळ, बदलापूर, कल्याण करत खाडीला मिळते. साष्टी बेटाला उत्तरेकडून मुख्य भूमीपासून वेगळं करणारी वसईची खाडी म्हणजे याच उल्हासचं मुख. ठाण्याजवळ तिचा एक अरुंद फाटा ठाणे खाडीशी जोडलेला आहे. म्हणजे मुंबईचं उपनगर ज्या जमिनीवर उभं आहे तिला बेट करणाऱ्या पाण्यात कर्जतच्या ओढ्यांचं पाणी आहे. खालापूरची पाताळगंगा रसायनीवरून धरमतर खाडीत जाते. ती खाडी रेवस आणि करंजाच्या मधून समुद्रात उघडते. तिच्या उत्तरेला मुंबई बंदरात घारापुरी, दक्षिणेला थळसमोर खांदेरी आणि उंदेरी. घारापुरी तर आपल्याच रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं बेट.

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ साली तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. खाडीतल्या चिखलात शेवाळ वाढतं, त्यावर हे पक्षी जगतात. खाडीचा चिखल काही आकाशातून पडत नाही. डोंगराची माती पावसाळ्यात नद्यांतून उतरते, भरतीच्या पाण्यात थबकते, बसते. तिच्यावर तिवरं उगवतात, निवट्या उड्या मारतात, कोळंबीची पिल्लं वाढतात. डोंगर बोडका झाला तर माती जास्त येते, नदीत रसायन सुटलं तर तेही येतं. खाडीच्या तब्येतीचं अर्धं उत्तर घाटाच्या पायथ्याशी आहे. मग ते व्याख्यान फक्त खाडीकाठच्या शहरात का द्यायचं?

आणखी एक गोष्ट कर्जत-खालापूरच्या बाहेर फार कमी लोकांना ठाऊक आहे. उल्हास आणि पाताळगंगेला उन्हाळ्यात जे पाणी दिसतं त्यातलं बरंच घाटावरचं आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. वळवण, शिरोता, लोणावळा, ठोकरवाडी इथल्या तलावांचं पाणी एरवी पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात गेलं असतं. ते बोगद्यांतून आणि नळांतून घाटाखाली सोडलं जातं, त्यावर वीज होते, आणि मग ते पाताळगंगेला आणि उल्हासची उपनदी असलेल्या पेजला मिळतं. राजनाल्याच्या कालव्यावर कर्जत तालुक्यात उन्हाळी भात होतं ते याच पाण्यावर. शंभर वर्षं दोन नद्या अशा बदललेल्या आहेत. त्याने नदीतल्या माशांचं काय झालं, खाडीच्या खारेपणाचं काय झालं, हा केवढा विषय आहे! भिवपुरी रोडच्या एखाद्या शाळेत यावर दोन तास बोललं तर मुलांना रोज पायाखालून जाणारा कालवा पहिल्यांदा कळेल.

आता पावसाकडे येतो. या विषयावर मला जास्त बोलायचं आहे.

बेटांवरच्या हवामानाची व्याख्यानं पावसाळा किनाऱ्याला कसा लागतो ते समजावतात. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन वारे येतात. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की पावसाला जोर चढतो. किनाऱ्यावर हे वारे सपाट पुढे सरकतात. सह्याद्री आडवा आला की त्यांना वर चढावं लागतं. वर चढलेली हवा पसरते, थंड होते, तिच्यातलं बाष्प सुटतं आणि ओतलं जातं. म्हणून माथेरानवर वर्षभरात अलिबागच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. समुद्राच्या बाष्पाचा खरा भार कर्जत, खालापूर, सुधागड, महाड, पोलादपूरच्या डोंगरकुशीतल्या वाड्यांवर उतरतो.

हा भार काय करतो ते आपण पाहिलं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर आदिवासींची वाडी. ४८ घरं, २२८ माणसं. रस्ता नव्हता. मदत करणाऱ्यांना अंधारात, पावसात, तासाहून जास्त चढत जावं लागलं. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवला. आधीच्या तीन दिवसांत त्या भागात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, असं सरकारनेच विधानसभेत सांगितलं.

यादीत नाव नव्हतं. हे वाक्य मी तेव्हापासून विसरू शकलेलो नाही.

याच जिल्ह्यात २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातलं तळीये गेलं. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन. घाटापलीकडे ३० जुलै २०१४ रोजी माळीण, १५१ मृत्यू. बसाल्टचा डोंगर, त्यावर झिजून तयार झालेला मुरूम आणि माती, तीव्र उतार, आणि लागोपाठ दोन-तीन दिवसांचा पाऊस: बहुतेक ठिकाणी कारणांची साखळी हीच. मातीत पाणी मुरत जातं, तिच्या कणांमधली जागा भरते, आतला दाब वाढतो, खालच्या कातळाशी असलेली पकड सुटते. एका रात्रीच्या पावसापेक्षा आधीच्या दिवसांत किती पाणी मुरलं हे तितकंच, कधीकधी जास्त महत्त्वाचं असतं. हे पदवीशिवाय कळण्यासारखं आहे. कुणीतरी येऊन सांगायला मात्र हवं.

आज काय सांगितलं जातं? जिल्ह्याला इशाऱ्याचा एक रंग दिला जातो. रायगड ऑरेंज, रायगड रेड. उरणच्या किनाऱ्यापासून पोलादपूरच्या घाटापर्यंत एकच रंग. सोबत वाक्य येतं, तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार. हवामान खात्याच्या हिशेबात मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे, अतिमुसळधार म्हणजे ११५.६ पासून पुढे, आणि २०४.४ च्या वर गेलं की त्याहूनही वरची पायरी. हे आकडे नेमके आहेत, उपयोगाचे आहेत. पण वाडीवर ते कुणाला सांगितलेत का? मिलिमीटर म्हणजे काय हे कुणी दाखवलंय का?

दाखवायला पाच मिनिटं लागतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी झालं सुमारे ५० हजार लिटर, दहा हजार लिटरचे पाच टँकर. एकरभर डोंगरावर २०० टँकर. वर दहा एकर उतार असेल तर तीन दिवसांत २ हजार टँकर तुमच्या घराच्या डोक्यावर रिकामे झाले. त्यातलं काही वाहून गेलं, काही आत राहिलं. टँकर काय असतो हे खालापूरच्या वाड्यांना मे महिन्यात चांगलं ठाऊक असतं. हा हिशेब मांडला की रेड अलर्ट म्हणजे काय ते आजीलाही कळेल आणि नातवालाही.

सरळ कडांचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवला आणि रोज सकाळी आठला पट्टीने पाणी मोजलं की वाडीचा पर्जन्यमापक तयार. महसूल मंडळाला महावेध प्रकल्पाचं एक स्वयंचलित हवामान केंद्र असतं, पण ते खाली सपाटीला असलं तर डोंगराच्या खांद्यावर काय पडतंय ते त्याला कळत नाही. वाडीचा डबा ते सांगेल. आठवीतली मुलगी वहीत आकडा लिहील. दोन दिवसांची बेरीज ठरलेल्या आकड्यावर गेली की म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन खाली शाळेत किंवा समाजमंदिरात उतरायचं, हे आधीच ठरलेलं असेल. तो आकडा किती, हे मी ठरवणार नाही. ते भूशास्त्रज्ञाने जागेवर येऊन, उतार बघून सांगायचं आहे. आणि जमिनीला नवी भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, दार चौकटीत अडकायला लागलं, तर पावसाचा आकडा न बघता निघायचं. या खुणा प्रत्येक वाडीच्या भिंतीवर चित्रांसकट रंगवलेल्या असायला हव्यात.

याला विज्ञानाचं जाहीर व्याख्यान म्हणतात. मुंबईत ते ज्ञानासाठी असतं. इथे ते जिवासाठी आहे.

इर्शाळगडावरून खाली मोरबे धरण दिसतं. तिथलं पाणी नवी मुंबई पिते. चौक गावाच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खाडीकाठच्या शहराला नळाने पोचतो. त्या पावसाची माहिती त्याच्या मूळ गावाला पोचत नाही. वाचलेल्या कुटुंबांना सिडकोने चौकजवळ नवी घरं बांधून दिली, हे चांगलं झालं. पण तशाच उतारांवर कर्जत-खालापुरात अजून कितीतरी वाड्या आहेत. त्यांना नवी घरं मिळेपर्यंत निदान माहिती तरी द्या.

आता पहिल्या माणसांबद्दल.

मुंबईच्या बेटांवर माणूस केव्हापासून आहे, यावर लोकांना ऐकायला आवडतं आणि सांगण्यासारखं खूप आहे. के. आर. यू. टॉड नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकात कांदिवलीला अश्मयुगीन हत्यारं गोळा केली आणि १९३९ साली लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात त्यांवर लिहिलं. अलीकडे मुंबई विद्यापीठाच्या बहि:शाल विभागाच्या पुरातत्त्व केंद्राने साष्टीची नव्याने पाहणी केली. शहराच्या इमारतींमध्ये दडलेले वीरगळ, गधेगळ, मंदिरांचे अवशेष नोंदवले. डॉ. कुरुश दलाल यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ ते सामान्य श्रोत्यांना उत्तम समजावून सांगतात. घारापुरी १९८७ पासून जागतिक वारसा आहे. तिथल्या शैवलेण्यांबद्दल सगळ्यांना माहीत असतं, त्याच बेटाच्या डोंगरावर बौद्ध स्तूपाचे अवशेषही आहेत.

पण ही बेटं एकटी नव्हती. सोपारा आणि कल्याण ही बंदरं याच किनाऱ्यावरची, कल्याण तर उल्हासच्या खाडीवरचं. तिथे उतरलेला माल घाट चढून दख्खनला जायचा, आणि घाटाची एक वाट कर्जतवरून जायची. कोंढाण्याचं लेणं त्या वाटेवर आहे. सुमारे २ हजार वर्षांपूर्वी कोरलेलं चैत्यगृह, विहार, आणि एका मूर्तीजवळ ब्राह्मीतला लेख: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. कारागिराचं नाव कळावं असं आपल्या प्राचीन कलेत फार क्वचित घडतं. ते कर्जत तालुक्यात घडलंय. आंबिवलीलाही लेणी आहेत. पावसाळ्यात कोंढाण्याला धबधब्याखाली भिजायला हजारो लोक येतात. बलकाचं नाव किती जणांना माहीत असतं? कर्जतच्या शाळांतल्या किती मुलांना?

आणि माणसं फक्त लेणी खोदणारीच नव्हती. या डोंगरांत कातकरी आहेत, ठाकर आहेत. कातकऱ्यांवर ए. एन. वेलिंग यांनी १९३४ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. सह्याद्रीतल्या ठाकरांवर ल. ना. चापेकर यांचं इंग्रजी पुस्तक १९६० साली आलं. त्यानंतरही अभ्यास झाले, प्रबंध झाले. ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यापुढे ते वाचलं किती वेळा गेलं? कातकरी आज सरकारी नोंदीत विशेष दुर्बल आदिवासी समूह आहेत. महाराष्ट्रात असे तीनच समूह आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. व्याख्यानात त्यांचा फोटो पडद्यावर येतो. ते स्वतः सभागृहात नसतात. हे मला मान्य नाही.

कातकरी ही संग्रहालयातली वस्तू नाही. वीटभट्टीवर उचल घेऊन राबणारी, दळी जमिनीच्या, म्हणजे जंगलात कसलेल्या जमिनीच्या हक्कासाठी तहसील कचेरीत खेटे घालणारी, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे करणारी आजची माणसं आहेत ती. आदिम काळाबद्दल बोलताना त्यांच्याकडे बोट दाखवायचं आणि आजच्या काळाबद्दल बोलताना त्यांना विसरायचं, हा अन्याय विज्ञानाच्या नावावर होऊ नये.

उलट स्थानिक माणसांना विचारलं तर काय मिळतं ते कोकणाने दाखवलं आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी शोधली. कशी? गुराख्यांना विचारून, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून, सडा पायी तुडवून. कशेळीचा भलामोठा हत्ती, कोकणात आज नसलेला गेंडा, समुद्रातले मासे अशी चित्रं कातळावर सापडली. २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. गावाला माहीत होतं, शास्त्राला नव्हतं. दोघं भेटले आणि इतिहास मागे सरकला. कर्जतच्या डोंगरांत अशी कोणती जागा कुणाला माहीत आहे? विचारल्याशिवाय कळणार नाही.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर चॅनेल आयलंड्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या सांता रोझा बेटावर १९५९ साली सापडलेली माणसाची हाडं सुमारे १३ हजार वर्षं जुनी ठरली. त्या बेटांवरची विज्ञान-व्याख्यानं समोरच्या किनाऱ्यावर व्हेंचुरा गावात, संध्याकाळी, विनामूल्य होतात. आणि तिथले मूळ रहिवासी चुमाश आजही आपल्या पारंपरिक फळ्यांच्या होड्या वल्हवत बेटावर जातात. त्या बेटांचा इतिहास त्यांना वगळून सांगता येत नाही. इथेही तसं व्हायला काय हरकत आहे? घारापुरीवर एक सत्र असेल तर दुसरं डोंगरातल्या जमातींवर असू दे, आणि त्यात बोलायला कातकरी आणि ठाकर बाया-पुरुष असू देत. मानधन त्यांनाही तेवढंच.

प्राण्यांचं थोडक्यात सांगतो, कारण या बाबतीत रायगडाला कुणी शिकवायची गरज नाही. सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा गाजलेला अभ्यास १९३० च्या पावसाळ्यात आपल्याच किहीमला केला. घरटं नर बांधतो, मादी येऊन पसंत करते, मग तो दुसरं घरटं बांधायला घेतो, हे सगळं त्यांनी तिथे ताटकळत बसून पाहिलं. चिरगावच्या गिधाडांसाठी महाडच्या सिस्केप संस्थेने गावाला सोबत घेतलं. शेजारी रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी राखली. आज तिथले गावकरी स्वतः पाहुण्यांना कासव समजावतात.

कर्जतला सागरी कासव नाही, पण वलगण आहे. पहिल्या मोठ्या पावसात मासे ओढ्यांतून उलटे चढून शेतांत येतात, अंडी घालायला. त्याच वेळी सगळा गाव त्यांना पकडायला बाहेर पडतो. किती पकडावे, केव्हा थांबावं, म्हणजे पुढच्या वर्षी मासे राहतील? यावर मत्स्यशास्त्रज्ञाने आणि वाडीतल्या जाणत्याने एका मंचावर बसून बोलावं. इथे शेकरूही आहे, आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. मृगाच्या आधी नेरळ-कर्जत स्टेशनाबाहेर बाया शेवळं आणि काकडं विकायला बसतात. शेवळं घशाला खाजतात, काकडाच्या आंबट फळांनी ती खाज मरते. हे रसायनशास्त्र त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांना शेजारची खुर्ची द्यावी आणि म्हणावं, “मावशी, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.”

आता हरकत येईल: गावात कोण येणार ऐकायला?

जो हे म्हणतो त्याने रायगडातला हरिनाम सप्ताह बघितलेला नाही. रात्री कीर्तन उभं राहतं, माणसं दिवसभर शेतात राबून येतात आणि दोन-दोन तास मांडी घालून ऐकतात. निरूपणाच्या बैठकांना नेमाने जाणारी माणसं गावोगाव आहेत. ऐकण्याची सवय इथे मुंबईपेक्षा पक्की आहे. सवय मोडली असेल तर ती सांगायला येणाऱ्यांची.

आणि सांगायची परंपरा तरी आपल्याला कुठे नवी आहे? बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ काढलं ते मराठी माणसाला भूगोल आणि विज्ञान मराठीत कळावं म्हणून. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करते आहे. डॉ. जयंत नारळीकर आयुष्यभर मराठीतून विज्ञान सांगत राहिले. माथेरानचे भाई कोतवाल वकिलीचं शिक्षण घेतलेले होते, पण त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यपेढी काढली, मुलांसाठी शाळा काढल्या, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करलं. या तालुक्याला शिकलेल्या माणसाने डोंगरात उतरणं नवं नाही.

रायगडात विज्ञानाच्या जागाही आहेत. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ साली कुलाब्याहून अलिबागला हलली, नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली, आणि ती आजही नोंदी घेते. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक संशोधन केंद्र आहे, जिथून कर्जत नावाच्या भाताच्या जाती महाराष्ट्रभर गेल्या. शेतकरी तिथे बियाण्याला जातात. तिथेच महिन्याच्या एका रविवारी समुद्र, पाऊस आणि डोंगर यांवर व्याख्यान ठेवलं तर सभागृह शोधायला नको.

वेळ मात्र इथली पाळायची. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भट्ट्यांवर जातात, अक्षय्य तृतीयेनंतर, मेच्या अखेरीपर्यंत परततात. जानेवारीत वाडीवर कार्यक्रम घेतला तर म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतील. मृगाच्या आधीचे आठ-दहा दिवस, संध्याकाळ उलटल्यावर, शाळेच्या पटांगणात. लावणीच्या दिवसांत कुणाला बोलावू नये. भाषा मराठी, आणि कातकरी-ठाकरी बोलणारा एक तरुण सोबत. वीज गेली तर पडदा काळा होईल, म्हणून दगड, माती, डबा, पट्टी आणि दोरी हातात असू देत. डोंगर उतारावर माती कशी सुटते ते एका पाटीवर ओली माती थापून दाखवता येतं. मुलं ते विसरत नाहीत.

खर्च? वक्त्याचं लोकलचं भाडं आणि जेवण. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी कोणतीही वाडी आनंदाने घालेल.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला, मुंबई विद्यापीठाला, मराठी विज्ञान परिषदेला, हवामान खात्याच्या मुंबई केंद्राला माझी विनंती आहे की या वर्षीच्या प्रत्येक मालिकेतलं एक व्याख्यान कर्जत किंवा खालापूर तालुक्यात द्या. पहिलं मेच्या शेवटच्या आठवड्यात चौकला घ्या, विषय पाऊस आणि दरड. आणि कर्जत-खालापूरच्या सरपंचांनो, मुख्याध्यापकांनो, कुणी आपणहून येईल याची वाट बघू नका. येत्या ग्रामसभेत ठराव करा, लेटरहेडवर पत्र लिहा, स्टेशनावर माणसाला आणायला गाडी पाठवा. पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं.